खुनाला जागा पाहिजे

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन साधारण जूनमध्ये येतो. पाऊस नुकताच सुरू झालेला असतो, गेल्या वर्षीची छत्री सापडत नसते, आणि पलीकडून अत्यंत प्रेमळ आवाजात विचारणा होते, "मग, यंदा खून कुठे करताय?"

माझा फोन शेजारच्यालाही ऐकू जातो. लोकलमध्ये हा प्रश्न आला तेव्हा खिडकीशी बसलेले गृहस्थ पुढच्याच स्टेशनला उतरून शेजारच्या डब्यात चढले. खिडकी मला मिळाली. रहस्यकथालेखनातून आजवर झालेली ही माझी सर्वात मोठी कमाई.

"वाडा नको," संपादक बजावतात. "बंद बंगलासुद्धा पुरे झाला. नवी पार्श्वभूमी द्या. वाचकाला जरा फिरवून आणा." मानधनात मात्र फिरण्याचा खर्च धरलेला नसतो. त्यामुळे घरच्या सहलीवरच खून उरकून घ्यावा लागतो.

बाबूराव अर्नाळकरांचं बरं होतं. हजाराहून जास्त रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. त्यांचा नायक झुंजार नाहीतर काळापहाड मोटारीत बसला की मोटार निघायची आणि पोचायचीही. वाटेत सिग्नल किती, हे कोणी विचारलं नाही. आजच्या वाचकाच्या हातात नकाशा असतो. मला एक पत्र आलं होतं : "आपला इन्स्पेक्टर संध्याकाळी सहा वाजता पुणे स्टेशनहून निघून अकरा मिनिटांत स्वारगेटला पोचतो. हे कोणत्या शतकातलं पुणे?" कथेत तीन खून होते. त्यांतल्या एकालाही या गृहस्थांची हरकत नव्हती.

म्हणून मी आता जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणाला मारत नाही.

माथेरानचंच घ्या. मोटारींना बंदी. सगळ्या गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबणार. पुढे पाय, घोडा, नाहीतर अमन लॉजपासून छोटी गाडी. दऱ्या आहेत, धुकं आहे, साहेबांनी नावं ठेवलेले पॉइंट आहेत. खुनाला आणखी काय लागतं? लुइझा पॉइंटच्या कठड्याशी उभा राहून मी घोडेवाल्याला सहज विचारलं, "मामा, इथून एखादा माणूस खाली गेला तर किती दिवसांनी सापडतो?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "सायेब, वहिनी कुठायत?"

वहिनी बाजारात चपलेचा अंगठा शिवून घेत होत्या. मामांना ते पटेना. परतीच्या वाटेवर त्यांनी लगाम स्वतःच्या हातात घट्ट धरला, मला पाणी प्यायलासुद्धा उतरू दिलं नाही, आणि बाजारात बायको समोर दिसल्यावर आधी तिला विचारलं, "वहिनी, बऱ्या आहात ना?" ती "हो" म्हणाल्यावरच माझ्याकडून पैसे घेतले.

असो. माणूस ढकलला असं धरू. आता खुनी पळणार कसा? घोड्यावरून? माथेरानचा घोडा प्रत्येक पॉइंटला सवयीने उभा राहतो. मागे पोलीस, समोर एको पॉइंट, आणि घोडा फोटोसाठी मान वळवून तयार. बरं, गाडीने पळावं? नेरळ-माथेरानची गाडी १९०७ पासून चालू आहे आणि वीस-एकवीस किलोमीटरला अडीच तासांच्या आसपास घेते. तेवढ्यात पोलीस पायवाटेने उतरून, नेरळच्या फलाटावर चहा घेऊन, वर वडापाव खाऊन तिची वाट बघत बसतील. पावसाळ्यात, म्हणजे धुकं ऐन भरात असताना, ती नेरळहून सुटतच नाही. वरच्या वर अमन लॉज ते माथेरान ये-जा करते. म्हणजे खुन्याने चिंब भिजत दस्तुरीला जायचं, आणि तिथे पार्किंगच्या पावतीवर त्याच्या गाडीचा नंबर, तारीख, वेळ!

पुरावा म्हणावा तर तीही पंचाईत. शेरलॉक होम्स बुटाच्या चिखलावरून माणूस लंडनच्या कुठल्या भागातून आला ते सांगायचा. माथेरानच्या लाल मातीत हे शास्त्र चालत नाही. बूट लाल, मोजे लाल, पोरांच्या कानांमागे लाल. संशयित लाल, साक्षीदार लाल, मागच्या शनिवारी येऊन गेले असतील तर न्यायाधीशसुद्धा लाल. शेवटी वैतागून मी लिहिलं की सुरा माकडाने पळवला. संपादकांचा फोन आला, "माकडाला सुरा कशाला? वेफर्सचं पाकीट करा." वेफर्सच्या पाकिटाने खून कसा करायचा, हे त्यांनी माझ्या प्रतिभेवर सोडलं.

तरी घोडा, गाडी, माती यांचं काहीतरी जमवता येतं. खरी अडचण माणसांची आहे. रहस्यकथेला एकमेकांना न ओळखणारी माणसं लागतात, आणि आपल्याकडे तो माल मिळत नाही.

अगाथा क्रिस्टीबाई ओरिएंट एक्स्प्रेसने हिंडायच्या. १९३१ च्या डिसेंबरात परतताना त्यांची गाडी पावसाने रूळ वाहून गेल्यामुळे अडकून पडली. बाईंनी पावसाचा बर्फ केला, अडकलेली गाडी तशीच ठेवली, आणि १९३४ मध्ये कादंबरी हजर. डबाभर परके प्रवासी, सगळे गप्प. कोणी कोणाला आडनाव विचारत नाही. आता हेच कोल्हापूरच्या गाडीत करून बघा.

"कुठले आपण?"

"साताऱ्याचा."

"साताऱ्यात कुठे?"

"शाहूपुरी."

"शाहूपुरीत कुठे? शाळेच्या अलीकडे की पलीकडे?"

खोटं नाव सांगून चढलेला खुनी तिसऱ्या प्रश्नाला घामाघूम होतो. कर्जत यायच्या आत त्याचं खरं आडनाव, आजोळ आणि मुळव्याधीचा त्रास डब्याला कळलेला असतो, आणि खंडाळ्याला त्याच्यासाठी स्थळ निघतं. आपला माणूस परक्याकडे संशयाने बघत नाही, चौकशीने बघतो. संशयातून खुनी सुटू शकतो, चौकशीतून नाही.

आणि गाडी अडकल्यावर काय होतं, तेही आपण पाहिलंय. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पुरात अडकली. आत हजारभर माणसं, त्यांना काढायला बोटी. तिथे क्रिस्टीबाईंचे डिटेक्टिव्ह पॉयरोसाहेब असते तर हजार जबान्या घ्याव्या लागल्या असत्या, आणि प्रत्येकाने जबानीच्या आधी त्यांनाच विचारलं असतं, "ते सगळं राहू द्या हो, गाडी हलणार कधी?"

गाडीत नाही जमत, तर लॉजवर? माझ्या एका कथेतला खलनायक खोटं नाव सांगून हॉटेलात उतरणार होता. म्हणून महाबळेश्वरला मी काउंटरवर चाचपणी केली, "समजा, एखाद्याने नाव खोटं दिलं तर?"

"आधार लागतं ना."

"समजा, आधार दुसऱ्याचं दिलं?"

"फोटो जुळत नाही."

"फोटो कोणाचा जुळतो?"

मॅनेजर विचारात पडला. मग त्याने माझं आधार कार्ड उजेडात धरलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं, आणि माझ्याकडून आणखी दोन ओळखपत्रं मागून घेतली. रात्रभर आमच्या खोलीबाहेर एक पोरगा स्टुलावर बसून होता. बायको म्हणाली, "सर्व्हिस किती छान आहे!"

मग वाटलं, बेट घ्यावं. बेटावर चौकश्या करायला नवी माणसं येत नाहीत. क्रिस्टीबाईंनी १९३९ च्या कादंबरीत दहा जणांना एका बेटावर नेऊन एकेकाला संपवलं. डेव्हनच्या किनाऱ्याजवळचं बर्ग बेट त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. तिथे ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं. आमचा जंजिरा त्याहून सरस, चहूबाजूंनी कायमचं पाणी. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसलो. होडीतलाच एक जण किल्ला दाखवायला पुढे झाला. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, हे त्याने सांगितलं आणि खरोखर दिसेना. मी वहीत 'उत्तम' असं लिहिलं. उतरताना तो ओरडला, "पाऊण तासात सगळे परत हवेत! मोजून नेलेत, मोजून आणणार!"

तिथेच माझी कादंबरी बुडाली. पाऊण तासात दहा खून म्हणजे प्रत्येकी साडेचार मिनिटं. त्यात कलालबांगडी तोफेपाशी फोटोसाठी थांबायचं. आणि एक माणूस कमी भरला तर नावाडी सबंध किल्ला डोक्यावर घेणार. मेलेल्याच्या काळजीने नव्हे, पुढची खेप खोळंबते म्हणून. अमुक एक जोशीकाका सापडेनात, तेव्हा सतरा जणांनी सतरा बुरुजांवरून हाका मारल्या. काका तळ्यापाशी शेंगा सोलत बसले होते. एवढ्या बोंबाबोंबीत कोणाचा मुडदा कसा लपायचा?

देवगिरी किल्ल्याच्या अंधारीकडून मला फार आशा होत्या. काळोखी वळणांची वाट, चुकीच्या बाजूला मुद्दाम ठेवलेला उजेड, उजेडाकडे धावलेला शत्रू थेट खंदकात, वरून कढतं तेल. वाटाड्या हे इतक्या चवीने सांगतो की बांधणारा त्याचा सख्खा मामा असावा असं वाटतं. पण आत शिरलो तर सगळ्यांच्या मोबाइलचे टॉर्च पेटलेले, मधूनच कोणीतरी "ऊऊऊ" करतंय, आणि एक आजी "वास कसला गं येतोय?" म्हणून विचारतायत. शत्रू त्या काळी मेला, कारण त्याच्याकडे फोन नव्हता.

तिथून वेरूळ जवळ. पण तिथे बंगाली माणूस आधीच येऊन गेलेला. सत्यजित राय यांनी आपल्या डिटेक्टिव्ह फेलूदाला कैलास लेण्यापर्यंत आणून मूर्तिचोरांच्या मागे लावलं, आणि आम्ही शंभर वेळा सहली काढून डबे खाऊन आलो. जैसलमेरच्या किल्ल्यावरची त्यांची 'सोनार केल्ला' वाचून-पाहून बंगाली कुटुंबं आजही तिकडे जातात. माझी माथेरानची कथा वाचूनही एक गृहस्थ माथेरानला गेले. ते पुणे स्टेशनवाले. गाडीचं वेळापत्रक तपासायला.

लोणारच्या बाबतीत तर सरळ अन्यायच झाला. उल्कापाताने झालेलं, बेसॉल्ट खडकातलं, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर. तळाला खारं पाणी, काठाला जुनी देवळं. मी कथेत लिहिलं, की खुनानंतर सरोवराचं पाणी एका रात्रीत गुलाबी होतं आणि गावात घबराट पसरते.

संपादक म्हणाले, "फार फिल्मी होतंय."

"अहो, खरंच झालं होतं. २०२० च्या जूनमध्ये. पेपरात फोटो आले होते. सूक्ष्मजीवांमुळे."

"पेपरात काहीही येतं," ते गंभीरपणे म्हणाले. "दिवाळी अंकाचं तसं नाही."

मग हिरवंच ठेवलं.

कोकणात जागा आणि माणसं, दोन्ही जमतील असं सगळ्यांनी सांगितलं. म्हणून गुहागरकडच्या एका घरगुती निवासात उतरलो. कौलारू घर, मागे आगर, विहीर, संध्याकाळी रातकिडे. जेवणानंतर पडवीत घरमालक काका सुपारी कातरत बसले होते. मी विषय काढला.

"काका, समजा, या घरात खून झाला."

काकांचा अडकित्ता थांबला. "कोणाचा?"

"समजा, तुमच्या चुलतभावाचा."

काकांचा चेहरा उजळला. "कधी?"

"तसं नाही हो. कथेत. पोलीस येतील, विचारतील कोणी मारलं."

"मीच मारणार होतो," काका मोकळेपणाने म्हणाले. "पण आंब्याच्या गडबडीत राहून गेलं. मग काय, जून लागला. लावणी आली."

कारण? कारण आजोबांपासून तयार होतं. मधला गडगा कोणाचा, याची केस दोन पिढ्या चाललेली. फणसाचं झाड इकडे, फांदी तिकडे, फणस फांदीला. काकांनी मला कंदील घेऊन ती फांदी दाखवली. दाखवता दाखवता चुलतभाऊच गडग्यावरून डोकावला.

"काय रे, खून कसला म्हणतोस?"

"तुझा."

"बरं. उद्या नारळ उतरवायला गडी येतोय, तुझे पण उतरवायचेत का?"

"पाठव की."

अशा गावात डिटेक्टिव्ह काय करणार? त्याने दिवाणखान्यात सगळ्यांना जमवून, येरझारा घालत, बोट रोखून "खुनी याच खोलीत आहे!" म्हणावं, तर चार जण हात वर करतील आणि पाचवा म्हणेल, "माझं नाव का घेतलं नाहीत? कोर्टात तर मी पहिला आहे!"

देशात काही होत नाही, हे पाहून मी परदेशाकडे वळलो, म्हणजे ग्रुप टूरच्या बसमध्ये बसलो. स्वित्झर्लंडात इंटरलाकेनपासून मायरिंगेन जवळ, आणि मायरिंगेनला रायखेनबाखचा धबधबा. कॉनन डॉइल १८९३ च्या उन्हाळ्यात तो पाहून गेले आणि डिसेंबरात त्यांनी शेरलॉक होम्सला त्यात ढकलून दिलं. होम्सचा त्यांना कंटाळा आला होता. सहलीला गेल्यावर कोणाला तरी ढकलावंसं वाटणं मी समजू शकतो. मी टूर मॅनेजरला बस वळवायला सांगितलं. त्याने माइकवरून मतदान घेतलं : धबधबा की चॉकलेटचं दुकान? मला बायकोचंसुद्धा मत पडलं नाही.

मोकळ्या दिवशी आम्ही दोघंच रेल्वेने गेलो. वर जायला दोराने ओढली जाणारी जुनी गाडी आहे. समोरच्या कड्यावर होम्स आणि त्याचा शत्रू मोरिआर्टी भिडले ती जागा पांढऱ्या चांदणीने दाखवलेली. खाली पाटी, पाटीवर तारीख : ४ मे १८९१. मी भारावलो. बायकोने पर्समधून शंकरपाळ्यांची पिशवी काढली.

"म्हणजे हा इथे पडला?"

"हो. पण मेला नाही. वाचकांनी फार आरडाओरडा केला, मग डॉइलनी १९०३ मध्ये त्याला परत आणलं. पडलाच नव्हता म्हणाले."

"पडलाच नव्हता."

"नाही."

"आणि मुळात असा माणूसच नव्हता."

"नाही."

"मग पाटी कशाची?" तिने एक शंकरपाळी तोंडात टाकली. "आणि तारीख बघा किती पक्की! आपल्याकडे खरोखरीच्या माणसांच्या तारखांवरून अजून मोर्चे निघतात."

तिथे म्युझियमसुद्धा आहे म्हटल्यावर ती काही बोलली नाही. पण पाटीशेजारचा माझा फोटो मात्र तिने काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'ह्यांचा धंदा इथे चालतो.'

त्या फोटोचा परिणाम असा झाला, की परत आल्यावर भाच्याचा फोन आला. त्याने शिरूरच्या पुढे कृषी पर्यटन केंद्र काढलंय. चार खोल्या, एक बैलगाडी, एक पोहण्याचा तलाव, आणि ओळखीच्यांनाच दहा टक्के सूट.

"मामा, नुसता खोटा खून करून त्या गावाचा एवढा धंदा होतो? मग आमच्याकडेच करा ना यंदा. दोन रात्री फुकट. मामीसकट."

अखेर कोणीतरी आपण होऊन जागा देत होतं. मी लगेच वही उघडली. "करू या. प्रेत तलावात तरंगताना सापडतं, पहाटे."

"तलावात नको मामा. फिल्टर नवीन बसवलाय."

"मग विहिरीत?"

"त्याच पाण्यावर स्वयंपाक होतो."

"हुरड्याच्या आगटीपाशी?"

"हुरड्याचं बुकिंग आत्ताच फुल व्हायला लागलंय. लोकांनी ऐन जेवताना आठवण काढली तर?"

"अरे, मग करू कुठे?"

भाच्याने थोडा विचार केला. "असं करा. खून शेजारच्या रिसॉर्टवर करा. त्याचं नाव बदलू नका. खुनी फक्त आमच्याकडे उतरू दे. चार नंबरची खोली द्या त्याला, तिथून डोंगर दिसतो, ते नीट वर्णन करून लिहा."

"ठीक आहे. रात्री खून करून तो पहाटे चारला तुमच्याकडून पळतो."

"पहाटे नको ना मामा," भाचा कळवळून म्हणाला. "चेकआउट दहाला आहे, आणि नाश्ता पॅकेजमध्येच आहे. मिसळ खाऊन जाऊ दे त्याला."